सात जणांची सभा

"मुलीला स्वयंपाक येतो का?"

तात्या खोचऱ्यांनी हे एवढ्या मोठ्यानं विचारलं की समोरच्या पारावरही ऐकू जावं. ऐकू जायलाच हवं होतं. आमच्या दारावरून त्या वेळी पोलीस पाटील चालला होता.

मी पदर सावरून, मान खाली घालून म्हटलं, "येतो."

"शिवणटिपण?"

"येतं."

"आणि वाचायला?"

"थोडं थोडं."

पाटील वळणापलीकडं गेला. तात्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाले, "हं, चला आत. द्वारके, वही घे."

ते माझं बारावं बघणं होतं.

वैशाख होता, साल चव्वेचाळीस. इंग्रजाचं राज्य आम्ही मानायचं सोडलं होतं, आणि कुणाचं तरी मानल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. म्हणून वारणेच्या खोऱ्यातल्या बारा गावांनी मिळून आपलंच एक मंडळ केलं होतं. अकरा सभासद. बांधाची भांडणं मंडळ मिटवायचं, धान्य गोळा करायचं, फरारी माणसांच्या घरी ते पोचवायचं. पण त्यासाठी सभा भरायला हवी, आणि त्या दिवसांत पाच माणसं एका ओट्यावर दिसली तरी पोलीस काठी घेऊन यायचे. मुलगी बघायला मात्र कितीही जण येऊ शकतात. त्याला सरकारचीसुद्धा हरकत नसते. म्हणून हिंगणमाळला, आम्ही राहायचो त्या माझ्या बनाआत्याच्या घरी, मंडळ मला बघायला यायचं. बारापैकी नऊ वेळा नवरा मुलगा शिवा पैलवानच होता. पोलीस पाटलाला हे कळत नव्हतं असं नाही. पण न कळण्याचं काम तो मनापासून करायचा.

पुढं मला खरंच बघायला कुणी आलं नाही. बारा ठिकाणांहून परतलेली मुलगी म्हटल्यावर कोण येणार? त्याबद्दल माझं मंडळाकडं काही मागणं नाही. तो विषय कधी सभेपुढं आलाच नाही.

तर त्या दिवशी आम्ही सोप्यातून माजघरात सरकलो. माजघरात बाजेवर माझे वडील पडले होते.

अण्णांनी, म्हणजे रंगनाथ हावळ यांनी, जातीचं शिंपीकाम सोडून चौदा वर्षं तालुक्याला एका वकिलाकडं कारकुनी केली होती. गाव त्यांना अर्धा वकील म्हणायचं. मंडळाची सगळी कलमं त्यांनी बांधलेली. पहिला ठराव त्यांचाच: मंडळात सगळे एका घोंगडीवर बसतील, एकमेकांना 'भाऊ' म्हणतील, आणि जो कुणी सभेत अरे-तुरे करील त्याला एक आणा दंड. दंडाचं सर्वांत जास्त उत्पन्न तात्यांकडून यायचं. मीही एका अर्थानं त्या ठरावांतच वाढले. अण्णांच्या जुन्या मसुद्यांच्या पाठीवर अक्षरं गिरवत मी लिहायला शिकले, त्यामुळं आईविना वाढलेल्या इतर मुली ओव्या म्हणत तेव्हा मला 'येणेप्रमाणे ठरले' एवढंच पाठ होतं. मंडळानं मला चिटणीस नेमलं. सभासद नव्हे. चिटणीसानं लिहायचं, बोलायचं नाही.

नऊ दिवसांपूर्वी नदीच्या उतारावर अण्णांच्या मांडीत पोलिसांची गोळी लागली होती. ती निघाली, पण जखम नासली. त्या दिवशी पहाटेच तालुक्याचे डॉक्टर बैल बघायच्या निमित्तानं येऊन गेले. पाय सुजून तुळईसारखा झाला होता आणि कडेनं काळा पडत चालला होता. डॉक्टर अंगणात येऊन मला म्हणाले, "पलटणीच्या औषधातल्या गोळ्या आणि पूड बाहेर विकणारा एक माणूस आहे शहरात. दोनशे रुपये घेतो. आज माणूस गेला तर उद्या औषध येईल. परवा आलं तर मला बोलावू नका."

दोनशे रुपये. गेल्या साली सरकारनं गावावर बसवलेल्या दंडात आत्याची पाण्याची घागरसुद्धा जप्त झाली होती. आलेल्या सहा जणांनी आधीच आपापले खिसे उलटे केले होते. तेवीस रुपये चार आणे. पैसा होता तो फक्त मंडळाकडं, आणि पाच रुपयांवरचा खर्च सभेशिवाय करता येत नव्हता. सभेला सात जण लागत. उरलेल्यांपैकी तिघे येरवड्याला होते, आणि दाजी मास्तर नदीपलीकडं अडकले होते. घाटावर पोलीस बसले होते.

मंडळाचा पैसा कुठं असतो हे तिघांनाच ठाऊक होतं. तात्या, अण्णा आणि मी. सभासदांनासुद्धा नाही. माहीत नसलेली गोष्ट मार खाऊनही सांगता येत नाही, हा अण्णांचा हिशोब. आठशे चाळीस रुपये मी माझ्या हातानं एका वाकळेत शिवले होते, दोन जुन्या लुगड्यांच्या घड्यांमध्ये, नोट न् नोट पसरून. ती वाकळ तेव्हा बाजेवर होती. अण्णा तिच्यावरच झोपले होते.

"लिही," तात्या म्हणाले. "विषय एकच. सभासद रंगनाथ हावळ यांच्या औषधासाठी रुपये दोनशे. मंजुरी द्या, पुढचं मी बघतो. हजर सात."

"सहा," अण्णा बाजेवरून म्हणाले.

"सहा कसे? हे आम्ही सहा, आन् तुम्ही."

"मला धरता येत नाही. कलम नऊ. सभासद स्वतःसाठी किंवा आपल्या घरासाठी पैसा मागत असेल तर त्यानं त्या विषयाला सभेत बसू नये आणि त्याला गणतीत धरू नये."

शिवा पैलवान म्हणाला, "अण्णा, ताप डोक्यात गेलाय तुमच्या."

"ताप मांडीत आहे, शिवाभाऊ. डोकं जागेवर आहे."

"मग ते कलमच काढून टाकू की! हाय काय त्यात?"

"काढा. त्यालाही सात लागतात. आणि त्यातही मी बसू शकत नाही, कारण तुम्ही ते माझ्यासाठीच काढणार."

तात्यांचा चेहरा लाल झाला. "अरे रंग्या, मरशील की रे!"

अण्णांनी डोळे मिटले होते. ओठ कोरडे पडले होते. "एक आणा, तात्या," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. तात्यांनी कनवटीचा आणा काढून घोंगडीवर टाकला. तो घरंगळत बंडा होलारापाशी गेला.

बंडाभाऊ लग्नाकार्यात सनई वाजवायचा. मुलगी बघायला आलेल्या मंडळींत तो कसा, असं कुणी विचारलंच तर सुपारी फुटल्यावर वाजवायला आणलाय, असं सांगायचं ठरलं होतं. दोन वर्षं सभासद होऊनही बोलण्याआधी परवानगी घ्यायची त्याची सवय गेली नव्हती.

"मी बोलू का?" तो म्हणाला.

"बोला, बंडाभाऊ."

"अण्णा, आमी सा जण डोळं मिटून घेतो. तुमी बाजंवर हाय का न्हाई, आमास्नी काय दिसलं न्हाई. हात तेवढा वर करा. द्वारकाताई मोजतील."

बाकीचे पाच जण "बरोबर, बरोबर" म्हणाले. मी वहीवरून मान वर केली. लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं, पण बघायला कुणाची बंदी नव्हती. अण्णा बंडाभाऊकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा जखम धुताना होई त्याहून जास्त वेदनेनं भरला होता.

"हे दुसऱ्या कुणीही म्हणावं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणू नका."

"मीच म्हननार. माज्याबिगर कुणाला हक हाय हितं?"

अण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "मला गोठ्यात न्या."

कुणी हललं नाही. तेव्हा ते स्वतःच कोपरांवर उठायला लागले. तो पाय खाली टेकणार एवढ्यात चौघांनी धावून बाज धरली. ती उचलून ते बाहेर पडले, मागून मी पाण्याचा तांब्या घेऊन. बाजेबरोबर मंडळाचा सगळा खजिनाही सभेतून बाहेर चालला होता. तात्यांना ते ठाऊक होतं आणि मला. आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही.

मी परत येऊन लिहिलं: हजर सहा. संख्या पुरी न झाल्याने सभा तहकूब. विषय पुढील सभेत घ्यावा.

माझं अक्षर त्या दिवशी चांगलं आलंय. वही अजून माझ्याकडं आहे.

गोठ्यात म्हशीच्या शेजारी अण्णा पडले होते. मी त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

"दाजी मास्तर उद्या नदी ओलांडतील म्हणतात," मी म्हटलं.

"मग उद्या सात होतील."

"आणि तोवर?"

"तोवर मी आहे."

"आणि नसलात तर?"

"तर विषय निकाली निघेल," ते म्हणाले आणि माझं तोंड बघून त्यांना जरा वाईट वाटलं असावं. "द्वारके, हसायचं असतं अशा वेळी. तुझी आई हसली असती."

"आईनं तुम्हाला झोडपलं असतं."

"तेही खरं."

मी बाजेच्या कडेला टेकले. "अण्णा, मी सभासद नाही. मला तुमचं कलम लागत नाही. चार टाके उसवायचेत फक्त."

"तुला लागत नाही, म्हणून तर पैसे तुझ्याकडं दिलेत." त्यांनी माझं मनगट धरलं. हात तव्यासारखा तापला होता. "सांग, बंडाभाऊ चार महिन्यांपूर्वी काय म्हणाला होता? तुला आठवतं. तूच लिहिलंयस."

मला आठवत होतं. लिहिलंय तेवढंच नव्हे, न लिहिलेलंही.

पौषातली सभा होती ती. माझं आठवं बघणं. त्याच्या महिनाभर आधी एका सभासदानं भावाच्या खटल्यासाठी शंभर रुपये घेतले होते, आणि मंजुरीला हात वर करणाऱ्यांत तो स्वतःही होता. गावात लोक बोलायला लागले, की ह्यांचं राज्य म्हणजे तेच, फक्त टोपी बदलली. अण्णांना ते फार लागलं. ते नववं कलम खिशात घालूनच आले. त्या दिवशी बरोबर सात हजर होते. बंडाभाऊ धावत आलेला, घामानं निथळत. "मला एक मागायचं हाय," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "जरा थांबा, आधी एवढं कलमाचं होऊ द्या." तो थांबला. त्याची जन्माची सवय ती. कलम वाचून झालं, सातही हात वर झाले, बंडाभाऊचाही. मग अण्णा म्हणाले, "हं, बोला."

त्याची बायको सगुणा दोन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले होते. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला मोटार, डॉक्टर, सगळं धरून चाळीस रुपये हवे होते.

आत्ताच हात खाली आले होते सगळ्यांचे.

अण्णा उठून उभे राहिले, पुन्हा बसले. त्यांनी कागद दोनदा वाचला, जणू त्यात कुठं फट सापडेल. मग बंडाभाऊच म्हणाला, "मला भायेर जावं लागतंय न्हवं?" आणि तो बाहेर गेला. उरले सहा. अण्णांनी स्वतःजवळचे होते नव्हते ते अकरा रुपये त्याच्या हातात कोंबले. अकरा रुपयांत मोटार मिळाली नाही, बैलगाडी मिळाली. गाडी ओढ्यापर्यंत पोचली तेव्हा मूल झालं आणि गेलं. सगुणा वाचली.

त्यानंतरच्या सभेला बंडाभाऊ वेळेवर हजर होता. त्यानं घोंगडी पसरायला हात लावला. अण्णांनी त्याला काही म्हटलं नाही, त्यानं अण्णांना काही म्हटलं नाही. मात्र त्या दिवसापासून अण्णा घरात सनईचा आवाज आला की उठून मागल्या दारी जायचे.

"आठवतं ना?" अण्णांनी विचारलं.

"आठवतं."

"मग आता त्याच्यासमोर मी हात वर करू? माझ्या पायासाठी?"

मी फडकं पुन्हा भिजवलं. अठरा वर्षांची होते. माझा बाप मरत होता, आणि तो ज्यावर पडला होता त्यात त्याचा जीव होता.

उन्हं कलली तेव्हा त्यांना ग्लानी आली. बनाआत्या भाकऱ्या टाकत होती. मी कातर घेऊन गोठ्यात गेले, त्यांना हळूच एका कुशीवर केलं आणि वाकळेच्या कोपऱ्याचे टाके उसवायला लागले. माझेच टाके, बारीक घातलेले, निघता निघेनात. दहाच्या वीस नोटा मोजून घेतल्या. मग सुईदोरा काढला. निम्मी शिवण झाली होती, एवढ्यात अण्णांनी डोळे उघडले.

"काय करतेस?"

"टाका निघालाय. घालते."

ते बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले. शिंप्याची नजर ती. निघालेला टाका आणि उसवलेला टाका त्यांना कळत नव्हता असं मी अजूनही स्वतःला समजावू शकत नाही.

"घट्ट घाल," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

शिवा पैलवान मळ्यात थांबला होता. मी नोटा त्याच्या हातात दिल्या. "कुठनं आणलंस?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नवरा मुलगा आहेस, जास्त विचारू नये." तो हसलाही नाही. सायकल घेऊन निघाला तो शेताशेतांतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हशीची धार काढून झाल्यावर, अण्णा गेले. फार बोलले नाहीत. म्हैस रवंथ करत होती, ते तिच्याकडं बघत होते. मग बघेनासे झाले. शिवा दुपारी पोचला. फेट्याच्या पदरात बांधलेली दोन पुडकी त्यानं माझ्यासमोर धरली, आणि अंगणात जमलेली माणसं बघून पुडकी तशीच धरून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, मंडळ भरलं. या वेळी जमायला खोटं कारण लागलं नाही. पोलीस पाटीलही येऊन बसून गेला आणि जाताना म्हणाला, "माणूस सरळ होता." मेलेल्या माणसावरचं वॉरंट मागं घ्यायला त्याच्या सरकारला पुढं आठ दिवस लागले.

दाजी मास्तर नदी ओलांडून आले होते. हजर सात.

तात्यांचा आवाज बसला होता. "तहकूब विषय आधी घ्यायचा असतो," ते म्हणाले. "औषधाचा. तो आता... लिही पोरी, निकाली."

मी लेखणी खाली ठेवली.

"निकाली नाही, तात्या. पैसे खर्च झालेत. मी दिले. शिवाभाऊचा दोष नाही, त्याला कुठले ते माहीत नव्हतं."

चिटणीस सभेत बोलल्याची ती पहिली वेळ. तात्या माझ्याकडं बघतच राहिले. दाजी मास्तर शाळेत शिकवत आलेले गृहस्थ, ते चष्मा पुसत म्हणाले, "चिटणीसाला कलम लागत नाही. पण खर्च मंजुरीवाचून झालाय. मागाहून मंजुरी द्यायची तर तो कसा झाला ते सभेला कळलं पाहिजे. पैसा तुझ्या हाती आला कसा?"

तात्या म्हणाले, "ते सांगायचं नसतं, मास्तर."

"आता सांगायला हवं. खर्चाचं कारण विचारतोय मी, चोरीचं नव्हे."

मला लपवायचं नव्हतं. तीन दिवस मी तेच म्हणत होते मनाशी, की सभेपुढं सगळं सांगायचं, अण्णांनी सांगितलं असतं तसं. खरं बोललं की ओझं उतरतं, असं मला वाटत होतं.

"पैसा ह्याच घरात असतो," मी म्हटलं. "वाकळेत शिवलेला. मीच सांभाळते. अण्णा बाजेवर होते ना, त्यांच्याच खालून काढला."

शिवा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. दाजी मास्तरांनी चष्मा घातला. मी मात्र कुणाकडं बघत नव्हते. मला वाटलं, झालं, सांगून संपलं.

"मी बोलू का?" बंडाभाऊ म्हणाला.

"बोला."

"कवापास्नं हाय पैका हितं?"

"मंडळ झाल्यापासून. दोन वर्षं होत आली."

तो घोंगडीचा एक धागा बोटाभोवती गुंडाळत होता.

"म्हंजी पुसात बी हितंच?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

पौषातल्या त्या सभेला थंडी होती. मी वही मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते आणि ती वाकळ माझ्या अंगाखाली होती, चौपदरी घातलेली. बंडाभाऊ माझ्यापासून चार हातांवर उभा राहून चाळीस रुपये मागत होता. मी लिहीत होते. तो बाहेर गेला ते मी लिहिलं, सभा तहकूब झाली ते लिहिलं. कातर तेव्हाही फडताळात होती. मला त्या दिवशी एकही टाका उसवावासा वाटला नव्हता. मोह आवरला असं नव्हे, सुचलंच नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "इथंच होता."

"मला वाटलं हुतं लांब असंल," बंडाभाऊ म्हणाला. कुणाला दोष द्यावा तसं नव्हे. वाट चुकलेला माणूस स्वतःशी बोलतो तसं. "पल्याड कुटं तरी, नदीकडं. मंडळाचा पैका म्हंजी पेटीत, कुलपात असंल. म्हनलं, सात झालं असतं तरी आणणार कवा? गाडी न्हाईच मिळाली असती येळंवर." त्यानं मान वर केली. "घरला बी त्येच सांगितलं मी. कलमाचं कायबी सांगितलं न्हाई. म्हनलं, सगळ्यांनी हू म्हनलं, अण्णांनी सोताचं दिलं, पन पैका लांब हुता."

तात्या फेटा चाचपत बसले.

"बंडाभाऊ," मी म्हटलं. 'येणेप्रमाणे ठरले' सोडून मला काही येत नव्हतं.

"राहू द्या, ताई. बापासाठी कोण करत न्हाई?" तो म्हणाला. "फकस्त घरात सांगू नका कुणी. ती तेवढ्यावर निभावतीया."

मग त्यानं तात्यांकडं बघून विचारलं, "मंजुरीचं घ्या की. किती येळ बसायचं?" आणि सगळ्यांच्या आधी त्यानं हात वर केला.

मी लिहिलं: रुपये दोनशे, औषधासाठी, मागाहून मंजूर. एकमताने. दोन पुडकी मंडळाच्या मालकीची म्हणून आत्याच्या फडताळात ठेवली, आणि पुढच्या महिन्यात ती पलीकडच्या गावातल्या एका पोराच्या कामी आली. तो जगला. त्याचं नाव मला आठवत नाही.

ह्याला आता तीस वर्षं होत आली. मंडळ कधीच उठलं, खरं सरकार आलं, तात्या गेले, शिवा पैलवानानं दुसऱ्या कुणाशी तरी खरं लग्न केलं आणि मला पत्रिका धाडली. गेल्या माघात बंडाभाऊ गेल्याचं कळलं. मी भेटायला गेले.

सगुणाबाई दारातच बसल्या होत्या. केस सगळे पांढरे. मला ओळखलं त्यांनी, आत घेऊन बसवलं, चहा टाकला. मालकांची सनई खुंटीला होती. ती कुणाला द्यावी, ह्यावर थोडा वेळ बोललो. पुढं त्यांना तीन मुलगे झाले होते. तिघेही मुंबईला. त्यांची चौकशी झाली. मग त्या एकदम म्हणाल्या, "मालक तुमच्या अण्णांचं लई नाव काढायचं. म्हनायचं, देवमानूस. माज्या पैल्या येळंला सोताजवळचं दिलं त्यांनी. आन् मंडळानं बी दिलंच असतं. पन पैका लांब हुता म्हनं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय न्हवं, ताई? तुमी हुता की तवा."

मंडळाच्या वहीत मी एकही ओळ खोटी लिहिलेली नाही. एवढा एकच अभिमान मी आजवर बाळगलाय.

"हो," मी म्हटलं. "लांब होता."

"किती लांब?"

चुलीतलं लाकूड त्यांनी पुढं सारलं. घाई नव्हती त्यांना. तीस वर्षं त्या हे कुणाला तरी विचारायचं म्हणून बसल्या असाव्यात.

"नदीपलीकडं," मी म्हटलं. "तीन कोस. चढणीची वाट."

त्यांनी मनाशी तीन कोस चालून पाहिले. येणं आणि जाणं.

"मग न्हाईच पोचला असता," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.